तीन गावांचा भूमिपुत्र

"दादा, तुमी नेमकं कुठं जन्मला?" प्रयागबाईंनी विचारलं आणि वांग्यांच्या ढिगावर तीन पत्रकं मांडली.

निमगाव केतकीचा बाजार भरात होता. विधानसभेला अपक्ष उभे राहिलेले विजयसिंह हात जोडत फिरत होते. प्रयागबाई भाजी घेऊन गावोगावचे बाजार करत, त्यामुळं तिन्ही पत्रकं त्यांच्याकडं जमली होती. निमगावच्या पत्रकात विजयसिंहांच्या डोक्याला फेटा, हातात डाळिंब, खाली 'निमगावचा भूमिपुत्र'. वालचंदनगरच्या पत्रकात कोट, चष्मा आणि 'आपल्याच कॉलनीत जन्मलेला'. भिगवणच्या पत्रकात ते होडीत उभे होते. जन्मही तिथलाच.

"छपाईची चूक हाय," विजयसिंह म्हणाले. "बारामतीच्या प्रेसवाल्यानं घोळ घातला."

"तिन्ही बारीला?"

लोक हसले. विजयसिंहांची आई कुशाबाई जीपमध्ये बसल्या होत्या. प्रचारात नुसता नमस्कार करायचा, बोलायचं नाही, असं मुलानं त्यांना बजावलं होतं. प्रयागबाई सरळ जीपपाशी गेल्या.

"आजी, तुमीच सांगा. ह्यो कुठं झाला?"

विजयसिंहांचा चेहरा उतरला. जन्मगावाचा विषय निघाला की ते आजवर बोलणं दुसरीकडं वळवत.

कुशाबाईंनी पदर सावरला. "आमी ऊसतोडीच्या टोळीत हुतो. कारखान्याला निघालेल्या बैलगाडीतच झाला ह्यो. शीव कुठल्या गावची, कुणाला ठावं? रस्त्याकडंच्या वस्तीवरनं एक बाई आली. तिनं नाळ कापली, मला च्या पाजला, पोराला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं. गाड्या पुढं निघाल्या. तिचं नाव इचारायचं राह्यलं."

विजयसिंह मान खाली घालून उभे राहिले. लुगड्याची गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती.

दोन दिवसांनी नवं पत्रक निघालं. सगळ्या गावांना एकच. फेटा नव्हता, कोट नव्हता, नावापुढचं 'सिंह'ही गळालं होतं. 'जन्म उसाच्या गाडीत. नाळ कापणाऱ्या माउलीनं ओळख द्यावी,' एवढंच मोठ्या अक्षरात होतं.

निवडणुकीत ते सपशेल पडले.

निकालानंतर मात्र घरी बायका येऊ लागल्या. पहिली कळसची, दुसरी लासुर्ण्याची. "मीच ती," प्रत्येक बाई सांगे. एकीच्या डोक्यात तर धड पांढरा केसही नव्हता. महिनाभरात अकरा जणी झाल्या. कुशाबाईंनी एकीलाही खोटं पाडलं नाही. प्रत्येकीला जेवू घातलं, साडीचोळी केली आणि विजयला पाया पडायला लावलं.

अकरावी गेल्यावर विजयनं विचारलं, "आई, यातली खरी कुठली?"

"एकबी न्हाय. ती तवाच सत्तरीची हुती," कुशाबाई म्हणाल्या. "पर तुला आपला म्हणाय एवढ्या जणी आल्या. त्यास्नी रिकाम्या हातानं कशी धाडू?"