जास्तीचं प्रकरण

“अकराच असायला हवीत,” मामा चौथ्यांदा म्हणाले आणि खुर्चीतून पुन्हा उठले.

“तुम्ही बसा बघू आधी,” भाची पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “तुम्ही उठलात की टेबल हलतं, टेबल हललं की माझा माउस भलतीकडेच जातो.”

मामा बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. छापखान्याचा माणूस चार वाजता फाइल न्यायला येणार होता. तीन वाजून गेले होते, आणि सकाळपर्यंत अकरा प्रकरणांचं असलेलं त्यांचं आत्मचरित्र आता बारा प्रकरणांचं झालं होतं.

खरं तर काम साधं होतं. मामीने प्रत्येक प्रकरणाचा आकडा हाताने टाइप केला होता. भाचीचा व्यवसायच पुस्तकांची पानं लावण्याचा. हाताने घातलेले आकडे तिच्या डोळ्यांत खुपत. तिने एकेक ठळक ओळ निवडून तिला शीर्षकाची शैली लावली आणि क्रमांक आपोआप पडतील असं केलं. मामीचे आकडे ती नंतर पुसणार होती, म्हणून तूर्त प्रत्येक शीर्षकापुढे दोन दोन आकडे दिसत होते. एक एक, दोन दोन. चारपर्यंत जोड्या जुळल्या. मग आलं, ‘५. घर’. त्याला मामीचा आकडाच नव्हता. तिथून पुढे सगळं बिनसलं. सहा पाच, सात सहा, असं करत शेवटी बारा अकरा.

“तुझा संगणक चुकला असेल.”

“बाकी कशातही चुकेल, मामा. मोजण्यात नाही चुकायचा.”

मामा उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. चाळीस वर्षं त्यांनी नकाशे काढले होते. एक रेघ इकडची तिकडे झाली तर कुणाचं अंगण दुसऱ्याच्या हद्दीत जाईल, हे ठाऊक असलेला माणूस. पण दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर मुलगा फोनवर त्यांच्याशी फार सावकाश, फार गोड बोलायला लागला होता. मध्यंतरी त्याने एक जागाही बघून ठेवली होती. पुढे बाग आहे, अशा माणसांची तिथे छान काळजी घेतात, असं तो म्हणाला होता. ‘अशा माणसांची’ हे मामांना फार लागलं होतं.

पुस्तक हेच त्यांचं उत्तर होतं. रोज दुपारी ते बोलत आणि मामी टाइप करी. कचेरीत टंकलेखिका म्हणून तिचा उभा जन्म गेलेला. बोटं थांबत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालचं वाचून दाखवी आणि मामा मान डोलावत. मुलाने पहिली तीन प्रकरणं वाचली आणि जागेचा विषय काढणं सोडून दिलं.

आणि आता हे. एक अख्खं प्रकरण लिहून आपण विसरलो असू, तर मग मुलाचंच खरं.

“वाच बरं ते,” मामा म्हणाले.

भाचीने वाचलं. जेमतेम दहा ओळी होत्या. एक माणूस जिन्यात बसला आहे. आपलं घर कितव्या मजल्यावर ते त्याला आठवत नाही. वरून एक बाई खाली येते. ती काही विचारत नाही, नुसती शेजारी बसते. मग म्हणते, चला, मलाही एकटीला वर जायचा कंटाळा आलाय.

“एक पूर्णविराम नाही,” मामा म्हणाले. “शब्द बघ कसे एकमेकांना चिकटलेत. असलं मी लिहीन?” आवाज चढला होता. मग त्यांनी हळूच विचारलं, “लिहीन का गं?”

भाचीने माउसवरचा हात काढला. तिने वळून पाहिलं. मामी ओले हात पुसत दारात उभी होती.

“तू घुसडलंस हे?” मामांनी विचारलं.

मामीने पुढे येऊन पडद्यावरच्या ओळी वाचल्या.

“खरं सांग. मी रागावणार नाही. फक्त सांग.”

“हो, मीच,” मामी म्हणाली. “गंमत म्हणून.”

“गंमत!” मामांच्या अंगातला ताण एकदम उतरला. ते चक्क हसले. “पंचेचाळीस वर्षांत हिला कधी गंमत सुचली नाही, ती नेमकी आज! काढून टाक गं ते. माझ्या पुस्तकात दुसऱ्या कुणाचा एक शब्द चालायचा नाही.”

भाचीने शीर्षकासकट त्या दहा ओळी निवडल्या आणि खोडल्या. पापणी लवायच्या आत पुढचे सगळे आकडे एकेकाने कमी झाले. पाच पाच, सहा सहा, अकरा अकरा. मामांनी पडद्याला बोट लावून ते दोनदा मोजले आणि शर्ट बदलायला आतल्या खोलीत गेले. आतून शीळ ऐकू येऊ लागली.

“मामी, खरं सांगू?” भाची म्हणाली. “सगळ्या पुस्तकात मला तेवढंच मनापासून आवडलं होतं. अजून परत आणता येईल. वेगळ्या कागदावर छापून देऊ तुम्हाला?”

“दे. आत्ताच दे, ते बाहेर यायच्या आत.”

“एवढी काय घाई? आणि हरवलंच, तर तुम्ही काय, पुन्हा लिहाल.”

मामीने आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“बाकीची अकरा लिहीन गं पुन्हा, ती माझीच आहेत. त्यांनी लिहिलेलं तेवढं एकच आहे.”