गप्प झालं की

लेकीच्या हट्टापायी पिल्लू घरी आणलं, त्याला आठवडा झाला, तरी त्याचं केकाटणं थांबेना. वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा दार बडवून गेल्या. आई अगदी रडकुंडीला आली, तेव्हा कुत्र्यांना वळण लावणाऱ्या मास्तरांनी कानमंत्र दिला, "रडलं की ढुंकूनही बघायचं नाही. गप्प झालं की जवळ घ्यायचं."

त्या दुपारी पिल्लाला स्वयंपाकघरात कोंडून ती बाहेर दाराला पाठ लावून बसली. आत नुसता आकांत चालला होता. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"आई, घे ना गं त्याला!"

"गप्प झालं की घेईन. मास्तर काय म्हणाले, ऐकलंस ना? जा, खोलीत खेळ."

तासाभराने आवाज थांबला. तिने धावत आत जाऊन पिल्लाला छातीशी धरलं, "शहाणं गं माझं ते!" म्हणत मुके घेतले आणि तशीच लेकीच्या खोलीत गेली.

लेक पलंगाशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, मनगट टम्म सुजलेलं.

"अगं बाई! कधी पडलीस? हाक नाही का मारायची?"

"मी जराही रडले नाही, आई," लेक म्हणाली. "आता मला घे."