हिवराखालची जागा

"नारळ काय उठंना गड्या," जमिनीतलं पाणी शोधून देणारा हरिबा पाणाड्या म्हणाला आणि तळहातावर आडवा पडलेला नारळ काखेत धरून त्यानं कपाळाचा घाम पुसला.

भर दुपार. माणदेशचं माळरान तव्यागत तापलेलं. सांगलीच्या संस्थेच्या विजयमाला मॅडम छत्री धरून उभ्या होत्या. दोन वर्षं खेटे घालून त्यांनीच या महिला मंडळाला विहिरीचा निधी मिळवून दिला होता. अट एकच: विहीर गावठाण आणि बौद्धवाडी दोन्ही वस्त्यांची, कारभार बायकांचा. गेल्या उन्हाळ्यात याच दोन वस्त्या टँकरपुढं काठ्या घेऊन एकमेकींवर धावल्या होत्या.

"आज जागा ठरली नाही तर निधी परत जाईल," मॅडम म्हणाल्या. "मग माझ्या हातात काही नाही."

गावठाणातल्या रंगुबाईला विहीर देवळामागं हवी होती, बौद्धवाडीला विहाराजवळ. तळहातावरचा नारळ जिथं आपोआप उठून उभा राहील तिथं पाणी समजून खणायचं, एवढ्यावरच कसंबसं जमलं होतं.

"आमी न्हाई मानत नारळबिरळ," बौद्धवाडीतली दीक्षा, मंडळाची सचिव, पदर खोचत म्हणाली. "पन दगडाला इचारून पानी घावत आसंल, तर दगडाला बी इचारू!"

बायका खळखळून हसल्या. हरिबा मात्र हसला नाही. तो मंडळाच्या अध्यक्षा, गावठाणातल्या चंद्राबाईकडं वळला.

"आवं चंद्राक्का, तुमी पायाळू न्हवं? पायाकडनं जल्मलेल्या मानसाचा हात पानी वळखतं. तुमीच धरा."

चंद्राबाईनं विठ्ठलाचं नाव घेतलं आणि नारळ तळहातावर ठेवला. देवळामागं गेली, नारळ आडवाच. विहाराजवळ गेली, आडवाच. राहिली दोन वस्त्यांमधली हिवराच्या झाडाची वाट.

"तिकडं नगं," ती म्हणाली. "तिकडं खडक हाय."

"खडक हाय का पानी, बघू की," म्हणत दीक्षानं तिचा दंड धरला.

चोवीस वर्षं चंद्राबाई या झाडाला वळसा घालून शेताला जात होती. बहात्तरच्या दुष्काळात, भरली घागर डोक्यावर घेऊन ती नवी नवरी याच वाटेनं येत होती. हिवराखाली एक बाई बसलेली, मांडीवर आठ महिन्यांची पोर. बाईनं ओंजळ पुढं केली. मागून सासू येत होती. चंद्राबाई थांबली नाही. दुसऱ्या खेपेला बघते तर बाई आडवी झालेली आणि पोर अजून दूध शोधत होती. ती पोर दीक्षा. सासू कधीच वारली. चंद्राबाईनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कीर्तनात बुवा पापाचं बोलायला लागले की ती टाळ जोरात वाजवायची.

हिवराची सावली पायावर पडली आणि नारळ हलला.

सावकाश, झोपलेलं माणूस उठून बसावं तसा तो शेंडी वर करून उभा राहिला. वारा पडला होता. चंद्राबाईनं डाव्या हातानं नारळ दाबला. तो खाली जाईना. मग तिला कळलं, नारळ आपल्या जोरानं उभा नव्हताच. तिच्या तळहाताखाली कुणीतरी दोन हात जोडून धरले होते. थंडगार, हाडकुळे. ओंजळीसारखे.

"उठला! उठला!" हरिबा ओरडला. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. रंगुबाईनं आणि बौद्धवाडीच्या बायकांनी एकदमच माना डोलावल्या. त्या गावात असं कधी झालं नव्हतं.

कुणीतरी कुदळ आणून दिली. चंद्राबाईनं ती दीक्षापुढं धरली. "तू मार पयली. तुजा मान हाय, बाई."

दीक्षा जवळ आली. इतकी जवळ, की बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. काहीच नव्हतं.

"न्हाई, आक्का. तुमीच मारा. आई तुमच्याच हातचं पानी मागत हुती."