शेवटचा सामना, भरदिवसा

ओडेसाची मिसिसिपीतल्या कोंबड्यांच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी, आणि टीव्हीवाल्यांच्या हट्टापायी कॉलेजच्या मैदानावरचे फुटबॉल सामनेही रात्रीच. चार वर्षांत तिने पोटच्या पोराला, डेमारियसला, एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. त्याचा शेवटचा सामना मात्र शनिवारी सकाळी ठरला.

"अगं, मग झोपणार कधी?" पाळीवरच्या सोबतिणीने विचारलं.

"मेल्यावर!" ओडेसा हसली आणि कारखान्यातून थेट मैदानावर गेली. राष्ट्रगीताला उभी राहिली, खाली बसली आणि कोवळ्या उन्हात तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा आजूबाजूची बाकं रिकामी झाली होती. डेमारियस समोर उभा होता.

"पाहिलंस ना, आई?"

"पाहिलं तर! वाघासारखा खेळलास रे," ती घाईघाईने म्हणाली.

"तू आलीस ना, म्हणून जोर चढला," तो खाली बघत म्हणाला.

ती त्याला मिठी मारायला पुढे झाली. त्याच्या मागून संघातली बाकीची पोरं चिखलाने बरबटलेली परतत होती. डेमारियसच्या पांढऱ्या गणवेशाची मात्र परीटघडीसुद्धा मोडलेली नव्हती.