लाल दोरी

लहान मुलांच्या खोकल्याचं औषध बाटल्यांत भरणाऱ्या पट्ट्याशेजारी मालकांनी लाल दोरी बांधून घेतली. काही खटकलं तर कुणीही ती ओढून काम थांबवावं, कुणी ओरडणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. तरी दोरीला कुणी हात लावला नव्हता. आज झाकणं लावणाऱ्या ताईंनी ती ओढली आणि पट्टा थांबला.

बाहेर ट्रक खोळंबला होता. सुपरवायझरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावत येऊन त्यानं यंत्र तपासलं, झाकणं तपासली. सगळं ठीक होतं. बायका माना खाली घालून कान टवकारून होत्या.

"ताई, बिघाड कुठाय?"

"कुठंच नाही, साहेब."

'मग काय झोका वाटला का?' हे अगदी जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"बरं. काही वाटलं तर पुन्हा ओढा."

ताईंनी शेजारणीकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली.

"तुम्ही ओरडता का, तेवढंच बघायचं होतं," ताई म्हणाल्या. "आता खरं सांगते. बाटल्यांत काचेचा चुरा येतोय. आम्हा सगळ्यांना परवापासून ठाऊक आहे."