श्रीधरचा कूलर

आमच्या मोहल्ल्यात पहिला कूलर शेजारच्या श्रीधरने आणला. भर मे महिन्यातल्या रविवारी त्याचे सासू-सासरे तो पाहायला आले. आपला गारवा माझ्या ओसरीत फुकट जाऊ नये, म्हणून त्याने इकडची खिडकी गच्च लावून घेतली.

तासाभरात सासूबाई घामाने निथळत बाहेर आल्या. "जावईबापू, कूलर आहे का भट्टी?"

श्रीधरचं तोंड एवढंसं झालं. मी बाजेवरूनच म्हटलं, "खिडकी उघड गा, आतली दमट हवा बाहेर निघू दे."

उघडली. खोली गार झाली, सासरे घोरू लागले.

आता दर रविवारी दुपारी माझी बाज त्याच खिडकीखाली असते. त्याने खिडकी लावली, की मी ओरडते, "काहून बंद केली गा, श्रीधर? लेकरं गुदमरतील न बापा!"