असू द्या

शिंप्याने बायकोच्या देखत मिठाची डबी उघडली, चिमूटभर मीठ उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरवलं आणि आता बोलणी खायची म्हणून मान खाली घालून बसला.

बायको म्हणाली, "असू द्या."

शिंप्याचा घास हातातच राहिला.

मिठावरून या घरात रोज वाजायचं. त्याचं हृदय थकलं होतं, पाय सुजायचे. डॉक्टरांनी मीठ, तळलेलं, लोणी सगळं बंद केलं होतं. ती डबी लपवायची, तो शोधायचा. शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या बरणीत त्याच्या मिठाच्या पुड्या सापडायच्या. एक पुडी तर गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाच्या खिशातून थेट लग्नाला जाऊन आली होती. "या मिठापायी जीव घालवाल एक दिवस," ती कडाडायची. "घालवला तर निदान अळणी नाही जाणार," तो म्हणायचा. अशी दोघांची जेवणं व्हायची. त्यात 'असू द्या' हे शब्द आजवर कधी आले नव्हते.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

आपण काय बोलून गेलो, ते तिला आत्ता कळलं.

काल तपासणीनंतर तो बाहेर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. तेवढ्यात डॉक्टर तिला हळू आवाजात म्हणाले होते, "आता पथ्याचं राहू द्या, बाई. जे आवडतं ते खाऊ द्या त्यांना." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. घरी येईपर्यंत तिने मनाशी पक्कं केलं होतं. पथ्य सुटता कामा नये. ज्या दिवशी ती त्याला मीठ खाऊ देईल, त्या दिवशी त्याला सगळं कळेल. आणि आज, पहिल्याच घासाला, तिची जीभ घसरली होती.

"असू द्या म्हणजे... असू द्या तो बटाटा तिथेच!" तिने आवाज चढवला. "तोंडात घालाल तर खबरदार! लाज कशी नाही वाटत? मीठ चालत नाही तुम्हाला, कितीदा सांगायचं?"

खोटं बोलायचं नाही, असं ती रोज देवापुढे हात जोडून म्हणायची. आज तो नेम एका बटाट्यापायी मोडला. तिने ताट ओढून घेतलं, बटाटा नळाखाली धरला, खसखसून धुतला आणि परत त्याच्यासमोर ठेवला.

"आंघोळ घातलीस त्याला," तो म्हणाला. पण हसला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने पाठ फिरवून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

तेवढ्यात दार ढकलून त्याची बहीण आत आली. हातात तळलेल्या खाऱ्या कापांची पिशवी. जिना चढून तिला धाप लागली होती, तरी बोलायला दम होता.

"खालपर्यंत आवाज येतोय, वहिनी! आजारी माणसाच्या तोंडचा घास काढून घेतेस?"

"वन्सं, डॉक्टरांनी बंद केलंय."

"काही सांगू नकोस. माझा दादा अर्धा राहिलाय. थांब, मीच विचारते त्यांना." तिने पर्समधून मोबाइल काढला. "स्पीकरवरच लावते. तुझ्याही कानावर पडू दे."

"नको, वन्सं. ते जेवायला बसले असतील."

"बसू देत. त्यांच्या पानात मीठ असेल."

रिंग वाजू लागली. बायकोने ओल्या हातानेच मोबाइल घ्यायला धाव घेतली. वन्संनी तो उंच धरला. छोट्याशा खोलीत रिंग वाजत होती, आणि शिंपी एकदा मोबाइलकडे, एकदा बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. देवा, त्यांनी उचलू नये. एवढंच.

"हॅलो," डॉक्टरांचा आवाज आला.

"डॉक्टर, मी शिंप्यांची बहीण बोलतेय. मला एवढंच सांगा, दादाला मीठ..."

टेबलाचा आधार घेतल्याशिवाय न उठणारा शिंपी ताडकन उठला. त्याने बहिणीच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि अंगठ्याने बंद केला.

"दादा!"

"ती नाही म्हणते ना? मग नाही." त्याला धाप लागली होती. "माझं पथ्य ती बघते. डॉक्टरांना मध्ये आणायचं कारण नाही."

"अरे, तूच तर माझ्याकडे तिची गाऱ्हाणी सांगत असतोस!"

"गाऱ्हाणी ऐकायची असतात. त्यावर फोन लावायचा नसतो."

वन्संनी मोबाइल हिसकावून पर्समध्ये कोंबला. "तुम्ही दोघं आणि तुमचा तो बटाटा! पुन्हा पाय ठेवला तर विचारा." दार आपटून त्या जिना उतरल्या. कापांची पिशवी टेबलावरच राहिली.

शिंपी हळूहळू खाली बसला. पिशवीला त्याने हातही लावला नाही. धुतलेल्या बटाट्याचा एकेक तुकडा तोंडात टाकून सावकाश चावत राहिला. बायको नळाशी उभी होती. आता विचारेल, मग विचारेल, म्हणून ती जीव मुठीत धरून वाट बघत होती. त्याने काही विचारलं नाही. बटाटा संपला. ताटाच्या कडेला राहिलेला कणही त्याने बोटाने टिपून खाल्ला.

"आज सुरुवातीला जरा चुकलीस," रिकामं ताट तिच्याकडे सरकवत तो म्हणाला. "उद्या पहिल्या घासापासून ओरड."